गोदावरी परुळेकर : पदवीच्या पुढे काय लिहायचे?

नोकरीच्या अर्जासोबतच्या बायोडेटात अनेकजण पदवी लिहून थांबतात. खरे वजन असते ते पुढच्या ओळींना, म्हणजे कोणते काम केले, कुठे, कधी आणि त्यातून काय बदलले. गोदावरी परुळेकर यांचे आयुष्य याचे चांगले उदाहरण आहे.

पुण्याच्या गोखले कुटुंबात जन्मलेल्या गोदावरीबाई कायद्याची पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातील पहिल्या महिला मानल्या जातात. वकिली करून त्यांना सुखाने राहता आले असते. पण त्या भारत सेवक समाजात गेल्या आणि पुढे पती शामराव यांच्यासोबत किसान सभेत उतरल्या.

१९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात वारली आदिवासींची परिषद भरली. वेठबिगार करायची नाही, असा निर्धार तिथे झाला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराकडे राबत. अशा ‘लग्नगड्यां’ची पुढच्या लढ्यात सुटका झाली. या लढ्यात गोळीबार झाला, आदिवासींचे प्राणही गेले.

हा अनुभव त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात मांडला. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज तलासरीत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांच्या बायोडेटात शिक्षणाच्या रकान्यात हेच नाव येते. त्याखालच्या ओळी मात्र ज्याच्या त्याने स्वतःच्या कामाने भरायच्या असतात.