ट्रामच्या तडाख्यातून वाचलेली नोंद

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या जागी विजेच्या ट्राम आणायचे घाटत होते. शहराची सोय होणार होती, पण कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस पेचात पडले. रुळांतून जमिनीत झिरपणारी वीज नाजूक चुंबकसुया हलवणार आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाची १८४६ पासूनची नोंद नासणार, हे उघड होते.

मूस १८५९ साली जन्मले. पुण्यात आणि एडिंबरोत शिकून आलेले हे पारशी गृहस्थ १८९६ मध्ये वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. ते जन्मले त्याच वर्षी सप्टेंबरात तिथल्या निरीक्षकांनी एका सौरवादळाची नोंद केली होती. चुंबकीय बल तेव्हा सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळले. एरवी मोठ्या वादळातही ही घट काहीशे नॅनोटेस्लांचीच असते. सूर्यावरून आलेल्या कणांमुळे विषुववृत्ताभोवती, हजारो किलोमीटर उंचीवर, विद्युतप्रवाहाचे कडे बळावते आणि आपल्याकडचे बल उतरते. त्याखालच्या आयनांबरातही उलथापालथ होते. आज त्याचा फटका लघुलहरी रेडिओला आणि जीपीएसला बसतो.

नवी जागा ठरली अलिबागची, मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटरवर. (तिथला कुलाबा किल्ला वेगळा, मुंबईचा कुलाबा वेगळा, घोटाळा नेहमीचाच.) इमारत पोरबंदरी दगडाची, लोखंड वर्ज्य. १९०४ मध्ये काम सुरू झाले, तरी मूस यांनी कुलाब्याची उपकरणे लगेच बंद केली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालले, म्हणून जुने आकडे नव्यांशी जोडता आले. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे शहाणपण हेच.

१९१० मध्ये त्यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केल्या. अनेक वादळे, प्रत्येकाच्या सुरुवातीपासून तास मोजत, त्यांनी एकत्र करून सरासरी काढली. बल आधी किंचित चढते, मग काही तासांत घसरते आणि सावरायला दिवस लागतात, हा क्रम त्यातून दिसला. सिडनी चॅपमन यांनी हीच वाट पुढे नेली आणि वादळाची तीव्रता सांगणारा आजचा निर्देशांक त्याच विचारावर उभा आहे.

मूस १९३६ मध्ये वारले. कुलाब्याच्या १८५९ च्या नोंदीवरून त्या वादळाची तीव्रता भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये नव्याने मांडली. अलिबागचे काम आता भारतीय भूचुंबकत्व संस्था पाहते. तिचे मुख्यालय रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेलला आहे.