समुद्रगाय पाहिलेला शास्त्रज्ञ : गेओर्ग स्टेलर



आपले विद्यालय माळव्यात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. तुमच्यापैकी पुष्कळांनी अजून समुद्र पाहिलाही नसेल. तरीही या अंकात आम्ही एका समुद्रप्राण्याची आणि त्याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञाची ओळख करून देत आहोत. तो प्राणी आज पृथ्वीवर नाही. जिवंतपणी तो कसा दिसे, काय खाई, पिलांना कसा सांभाळी, हे स्वतः पाहून सविस्तर लिहून ठेवणारे शास्त्रज्ञ एकच झाले. त्यांचे नाव गेओर्ग विल्हेल्म स्टेलर.

स्टेलर यांचा जन्म मार्च १७०९ मध्ये जर्मनीतील विंड्सहाइम या लहान गावी झाला. वडील चर्चमध्ये गायनप्रमुख होते. घरची परिस्थिती बेताचीच. प्रथम विटेनबर्ग येथे धर्मशास्त्र आणि नंतर हाले येथे वैद्यक व वनस्पतिशास्त्र असे त्यांचे शिक्षण झाले. १७३४ मध्ये ते रशियात गेले. त्या वेळी रशियाच्या पूर्व टोकापलीकडे काय आहे याचा शोध घेण्यासाठी व्हिटस बेरिंग या दर्यावर्दीच्या नेतृत्वाखाली एक मोठी मोहीम चालू होती. सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने स्टेलर यांची तिच्यात नेमणूक केली. १७३८ मध्ये निघून, संपूर्ण सैबेरिया ओलांडून ते १७४० मध्ये कामचात्का द्वीपकल्पात पोहोचले.

जून १७४१ मध्ये बेरिंग यांचे ‘सेंट पीटर’ जहाज निघाले. जुलैत अलास्काजवळच्या एका बेटावर ते थांबले, पण पिण्याचे पाणी भरून लगेच परत फिरण्याची घाई होती. स्टेलर यांना जमिनीवर जेमतेम दहा तास मिळाले. तेवढ्यात त्यांनी वनस्पती गोळा केल्या. तेथे मिळालेला एक निळा पक्षी पाहून त्यांना एका पुस्तकातले अमेरिकन पक्ष्याचे चित्र आठवले आणि आपण अमेरिकेलाच पोहोचलो आहोत अशी त्यांची खात्री पटली. वाचलेले वेळेवर आठवणे म्हणजे काय, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

परतीच्या वाटेवर खलाशांना स्कर्व्ही हा रोग जडला. ताज्या भाजीपाल्याच्या अभावी होणाऱ्या या रोगात हिरड्या सुजतात, दात हलतात आणि माणूस खंगत जातो. किनाऱ्यावरच्या हिरव्या वनस्पती जमवून सर्वांना द्याव्यात, असा स्टेलर यांचा आग्रह होता. पण अधिकाऱ्यांनी तो मानला नाही. नोव्हेंबरमध्ये भरकटलेले जहाज एका निर्जन बेटाला लागले आणि पुढे वादळात फुटले. डिसेंबरमध्ये बेरिंग वारले. त्या बेटाला आज बेरिंग बेट म्हणतात. उरलेल्यांनी वाळूत खड्डे खणून त्यांत हिवाळा काढला. स्टेलर यांनी आजाऱ्यांची सेवा केली आणि त्यांना सूप व पाला खाऊ घातला. पंचाहत्तरहून अधिक माणसे निघाली होती, त्यांपैकी ४६ परतली.

त्या बेटाच्या उथळ किनाऱ्यावर समुद्रगायींचे कळप चरत असत. लांबी सुमारे साडेसात मीटर, वजन काही टन. तोंडात दात नव्हते. दातांच्या जागी खरबरीत पट्ट्या होत्या आणि त्यांनी त्या समुद्रशैवाल चावीत. कातडी झाडाच्या सालीसारखी जाड. चरताना पिले पुढे असत आणि मोठी जनावरे त्यांच्या बाजूंनी व मागे राहत. माणसाची भीती त्यांना ठाऊकच नव्हती. एका जनावराला भाला लागला की इतर त्याला सोडवायला धावत. मारलेल्या मादीपाशी एक नर दोन दिवस किनाऱ्याशी येत राहिल्याची नोंद स्टेलर यांनी केली आहे.

१७४२ च्या उन्हाळ्यात या गायींच्या मांसानेच खलाशांना बळ आले. स्वतः स्टेलर यांनीही ते खाल्ले, हे आम्ही लपवू इच्छित नाही. पण त्यांनी केवळ खाल्ले नाही. जुलैमध्ये एका मादीचे इंच इंच मोजमाप घेतले. थंडी, पाऊस, वस्तू पळविणारे कोल्हे आणि तंबाखू दिल्याशिवाय हात न लावणारे मदतनीस, अशा स्थितीत हे काम झाले. जुन्या जहाजाच्या लाकडांतून नवे लहान जहाज बांधून ऑगस्टमध्ये सर्वजण कामचात्काला परतले. २०२२ मध्ये जुन्या हाडांतील डीएनए तपासल्यावर कातडीशी संबंधित काही जनुके या प्राण्यात बंद पडलेली आढळली. सालीसारख्या कातडीची स्टेलर यांची नोंद अशी पुन्हा खरी ठरली.

पुढे कामचात्कातील मूळ रहिवाशांची बाजू घेतल्यामुळे त्यांच्यावर चौकशी लादली गेली. राजधानीकडे परतताना नोव्हेंबर १७४६ मध्ये त्यूमेन येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे ३७. समुद्री प्राण्यांवरचा त्यांचा ग्रंथ १७५१ मध्ये, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाला.

तोपर्यंत फर गोळा करणारे शिकारी त्या बेटांवर येऊ लागले होते. समुद्रगाय हे त्यांचे फुकटचे अन्न. भाला लागलेली अनेक जनावरे खोल पाण्यात जाऊन मरत व वाया जात. १७५५ मध्ये याकोवलेव्ह या खाण-अभियंत्याने शिकारीवर बंदी घालण्याची विनंती केली, पण बंदी झाली नाही. शेवटच्या समुद्रगायीच्या शिकारीची नोंद १७६८ ची आहे. स्टेलर यांनी तिला प्रथम पाहिल्यानंतर अवघ्या २७ वर्षांत ती संपली.

तिचे नातेवाईक आजही आहेत. अमेरिका व आफ्रिकेतील मॅनाटी आणि आपल्या देशातील ड्यूगाँग. मॅनाटीची मादी दोन ते पाच वर्षांतून एकदा, बहुधा एकच पिलू देते. म्हणून घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. २०२१ मध्ये फ्लोरिडात १,१०० मॅनाटी मेल्या. दूषित पाण्यामुळे समुद्रगवत नष्ट झाले आणि पुष्कळ जनावरांची उपासमार झाली. मग तेथील सरकारने दोन हिवाळे त्यांना सॅलडची पाने खाऊ घातली. आपल्याकडे ड्यूगाँग कच्छच्या आखातात, तामिळनाडूच्या किनाऱ्याजवळ आणि अंदमानात आढळतो. तामिळनाडू सरकारने २०२२ मध्ये पाल्क उपसागरात त्याच्यासाठी ४४८ चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र घोषित केले.

मुलांनो, स्टेलर यांचे ज्ञान खरे होते, पण ते जनावर त्याने वाचले नाही. वाचवायचे काम इतरांचे होते, आणि त्यांनी ते केले नाही. म्हणून यंदा प्रत्येक वर्गाने एक वही ठेवावी आणि विद्यालयाच्या आवारातील झाडे, पक्षी व कीटक यांच्या नोंदी तारखेसह कराव्यात, असे आम्ही ठरविले आहे. त्या वहीत एखादे नाव पुढच्या वर्षी दिसले नाही, तर ते का दिसले नाही, हे विचारायला पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनीही आमच्याबरोबर उभे राहावे, ही नम्र विनंती.