राजाची शेवटची जाहिरात

गुळगुळीत डोके, भेदक नजर आणि भारदस्त आवाज ही अभिनेते युल ब्रिनर यांची ओळख. १९२० मध्ये व्लादिवोस्तोकला जन्मलेल्या ब्रिनर यांना १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘द किंग अँड आय’ या संगीत नाटकात सयामच्या राजाची भूमिका मिळाली. याच भूमिकेसाठी १९५६ च्या चित्रपटाने त्यांना ऑस्कर मिळवून दिले. पुढे ‘द टेन कमांडमेंट्स’, ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ हे चित्रपटही गाजले. पण रंगभूमीवरचा राजा त्यांनी सोडला नाही.

सिगारेटही बराच काळ सुटली नाही. कोवळ्या वयात लागलेले हे व्यसन त्यांच्या रुबाबाचाच भाग बनले होते. अनेक छायाचित्रांत ती त्यांच्या हातात दिसते. अखेर १९७१ मध्ये त्यांनी धूम्रपान थांबवले.

त्यानंतर बारा वर्षांनी, सप्टेंबर १९८३ मध्ये, घशाच्या तक्रारीमुळे तपासण्या झाल्या. घसा ठीक होता, पण फुप्फुसात कर्करोग निघाला आणि तोही शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला. फुप्फुसाच्या आतल्या भागाला वेदना जाणवत नाहीत. त्यामुळे तिथली गाठ गुपचूप वाढत राहते आणि अनेकदा निदानाला उशीर होतो.

किरणोपचारांमुळे काही महिने बोलणे-गाणेही कठीण झाले. तरी ते पुन्हा उभे राहिले. ३० जून १९८५ रोजी त्यांनी ब्रॉडवेवर राजाचा शेवटचा प्रयोग केला. तोवर प्रयोगांची संख्या ४,६२५ झाली होती.

एवढ्या विक्रमावर कोणीही समाधानी राहिले असते. ब्रिनर यांना मात्र जाता जाता आणखी एक काम करायचे होते. जानेवारी १९८५ मध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत त्यांनी आजाराबद्दल मोकळेपणाने सांगितले. आपण गेल्यावर दाखवता येईल असा धूम्रपानविरोधी संदेश करण्याची इच्छाही बोलून दाखवली. १० ऑक्टोबर १९८५ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने त्या मुलाखतीतला भाग वापरून जाहिरात तयार केली. आता आपण या जगात नाही, तुम्ही मात्र धूम्रपान करू नका, असे सांगणारा ओळखीचा चेहरा लोकांच्या दिवाणखान्यात आला. राजाचा मुकुट नाही, संवादफेक नाही; तरीही ती भूमिका अनेकांच्या लक्षात राहिली.

त्यांच्या आयुष्याचा चुकीचा अर्थ काढू नये. सोडूनही कर्करोग झालाच, मग सोडायचे कशाला, असे काही जण म्हणतील. सिगारेट सोडल्यावर दहा ते पंधरा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत, साधारण निम्मा होतो. तो शून्य होत नाही, म्हणूनच जितक्या लवकर सोडाल तितके चांगले. हृदयविकाराचा धोका तर वर्षभरातच बराच खाली येतो.

भारतात २०१६-१७ च्या सर्वेक्षणानुसार २८.६ टक्के प्रौढ व्यक्ती तंबाखूचे सेवन करतात. विडी, सिगारेट, मशेरी, गुटखा यांपैकी काहीही सोडायचे असेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. तीन आठवड्यांहून जास्त टिकणारा खोकला, थुंकीतून रक्त, बसलेला आवाज किंवा विनाकारण घटणारे वजन अंगावर काढू नका. छातीचा एक्स-रे आणि डॉक्टरांची भेट लांबवू नका.