विश्लेषण : जंगलात संस्कृत, केडगावात बायबल… पंडिता रमाबाईंची शाळा नेमकी कशी होती?

पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावात सव्वाशे वर्षांपूर्वी एक वेगळीच शाळा उभी राहिली. लहानग्यांसाठी बालवाडी, अंध मुलींसाठी ब्रेल, मोठ्या मुलींसाठी शेती, विणकाम आणि छापखाना. त्याच छापखान्यात पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलेल्या बायबलचे खिळे जुळवले गेले. हे सगळे उभे करणाऱ्या पंडिता रमाबाई स्वतः मात्र लहानपणी कधी शाळेत गेल्या नव्हत्या.

मग त्या शिकल्या कुठे?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे पंडित. पेशव्यांच्या वाड्यात एका स्त्रीला संस्कृत शिकवले जाते, हे त्यांनी तरुणपणी पाहिले होते. आपल्या बायकोलाही शिकवायचे, असे त्यांनी तेव्हाच ठरवले. गावातून विरोध झाला, तेव्हा त्यांनी जंगलात घर बांधले आणि लक्ष्मीबाईंना तिथे शिकवले.

पुढे लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकवले. वयाच्या आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत, तेही बहुतेक वेळ तीर्थयात्रेच्या वाटेवर. पहाटे उठायचे, आई म्हणेल ते म्हणायचे, पाठ करायचे. आधी व्याकरण आणि शब्दसंग्रह, मग ग्रंथ. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. युरोपातल्या जुन्या ख्रिस्ती शाळांमध्ये मुलांना लॅटिन आणि ग्रीक याच क्रमाने शिकवत. आधी व्याकरण, मग तर्क, मग वक्तृत्व. दोन्हीकडचा पाया पाठांतराचाच. आज घोकंपट्टी म्हणून नाक मुरडले जाते, पण रमाबाईंची पुढची सगळी भाषिक झेप याच पायावर उभी होती.

१८७४ च्या सुमारास दुष्काळात आई-वडील गेले, पाठोपाठ बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तेव्हा त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय विवाह केला. दोन वर्षेही झाली नाहीत तोच पतीचे कॉलऱ्याने निधन झाले. कडेवर मनोरमा ही तान्ही मुलगी.

ख्रिस्ती धर्म कधी स्वीकारला?

१८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला आणि हंटर शिक्षण आयोगासमोर साक्ष दिली. मुलींना शिकवायला शिक्षिका हव्यात आणि बायकांना तपासायला स्त्री डॉक्टर हव्यात, हा त्यांचा आग्रह होता. पुढच्या वर्षी शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात यावर मोठे काहूर उठले.

चर्चचे सगळे त्यांनी मुकाट ऐकले असेही नाही. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी प्रश्न विचारले, मठातल्या वरिष्ठांशी पत्रांतून वाद घातले. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. तिथे तरुण पुरुषांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा आक्षेप घेतला तो भारतातल्या इंग्रज बिशपांनी. बाईने पुरुषांना शिकवले तर तिच्या मायदेशी काय म्हणतील, ही त्यांची चिंता. ज्या बाईची परीक्षा कलकत्त्याच्या पंडितांनी घेतली होती, तिच्याबद्दल ही चिंता!

बालवाडीची कल्पना कुठून आली?

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेतच रमल्या. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांची बालवाडी पद्धत त्यांनी तिथे शिकून घेतली. चेंडू, लाकडी ठोकळे, कागदाच्या घड्या यांतून लहान मूल आकार आणि मोजणी शिकते, ही ती पद्धत. पाठांतरावर वाढलेल्या बाईने ती उचलावी, हे विशेष. मराठी शाळांसाठी त्या धर्तीची पुस्तके तयार करण्याचे कामही त्यांनी हाती घेतले.

डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षांच्या मदतीची हमी मिळाली. अट एकच, शाळेत धर्मप्रचार नको.

मग वाद कशावरून पेटला?

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पहिल्या दोन विद्यार्थिनींपैकी एक होत्या गोदूबाई जोशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. पुढच्याच वर्षी सदन पुण्यात हलले. बालविधवांना इथे केस राखता येत, शिकता येत आणि घरचे सोवळे-ओवळे पाळायचीही मुभा होती.

मात्र रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली आत येऊन बसू लागल्या. हा धर्मप्रचार की मुलींचे स्वातंत्र्य? ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या.

रमाबाईंनी कुणावर सक्ती केल्याचे दिसत नाही. पण जिच्या आधाराशिवाय आपल्याला जगात कुणी नाही, तिचे दार उघडे असताना दहा-बारा वर्षांच्या मुलीची निवड कितपत मोकळी राहते, हा टीकाकारांचा प्रश्नही निव्वळ कर्मठपणाचा म्हणून झटकता येत नाही. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी काढलेल्या अनाथ बालिकाश्रमावर हिंदू कुटुंबांना विश्वास टाकता आला, त्यामागे हाही संदर्भ होता.

केडगावात काय बदलले?

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या जमिनीवर नेले. दहा वर्षांची हमी संपल्यावर निधर्मीपणाचे बंधनही सुटले. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था झाले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

इथे प्रश्न अधिक बिकट होतो. शारदा सदनातल्या मुलींना काढून न्यायला पालक तरी होते. दुष्काळातून आलेल्या पोरींच्या वतीने विचारणारे कुणीच उरले नव्हते. त्या जगल्या, वाचायला शिकल्या, हाताला काम मिळाले आणि त्यांतल्या बहुतेक ख्रिस्ती झाल्या. आश्रय नसता तर त्यांचे काय झाले असते, हे सांगायला दुष्काळाचे आकडे पुरेसे आहेत.

शाळेचा आवाका मोठा होता. बालवाडी, प्राथमिक वर्ग, पुढे इंग्रजी हायस्कूल, शिक्षिकांचे प्रशिक्षण. सोबत गोठा, तेलघाणी, माग. अंध मुलींसाठी ब्रेलचे वर्ग सुरू करण्यात मनोरमाबाईंचा वाटा मोठा. इंग्लंड-अमेरिकेत शिकून परतलेल्या मनोरमाबाई शाळेचा कारभारही सांभाळत आणि गुलबर्ग्याची शाळाही त्यांनीच उभी केली.

बायबलचे भाषांतर पुन्हा कशाला?

मराठी बायबल आधीपासून होते. पण त्याची भाषा संस्कृतप्रचुर आणि केडगावच्या मुलींच्या डोक्यावरून जाणारी आहे, असे रमाबाईंचे मत होते. म्हणून त्या उतारवयात ग्रीक आणि हिब्रू शिकल्या. संस्कृतची पंडिता मराठीतून संस्कृत शब्द वेचून काढत बसली. छपाई संस्थेच्याच छापखान्यात, मुलींच्या हातांनी.

वारसदार मानलेल्या मनोरमाबाई जुलै १९२१ मध्ये चाळिसाव्या वर्षी गेल्या. रमाबाई त्यानंतरही मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे केडगावातच निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर पडले.