पाण्यातले जंतू मोजणारे डॉ. रॉबर्ट कॉख

विहिरीचे पाणी नितळ दिसले की आपण बिनघोर पितो. पण नितळ म्हणजे निर्धोक नव्हे, हे मोजून दाखवले ते जर्मनीच्या डॉ. रॉबर्ट कॉख यांनी.

कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ चा, क्लाउस्टाल या खाणींच्या गावचा. पुढे ते वोलश्टाइन भागात सरकारी डॉक्टर झाले. तिथे गुरे-मेंढरे फाशी रोगाने पटापट मरत. दवाखाना सांभाळून त्यांनी घरातच अभ्यास केला आणि १८७६ साली या रोगाच्या जंतूचे सगळे जीवनचक्र उलगडले. १८८२ साली क्षयाचा जंतू शोधला.

१८८४ साली पटकीचा माग काढत ते कलकत्त्यात होते. ज्या तळ्यात लोक अंघोळ करत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत, तिथे त्यांना पटकीचे जंतू सापडले. १८९७ साली प्लेगच्या तपासासाठी ते मुंबईलाही येऊन गेले.

त्यांची पाणी तपासायची रीत साधी. थोडे पाणी पातळ जिलेटिनमध्ये मिसळून काचेवर ओतायचे. जंतू वाढून डोळ्यांना दिसतील असे ठिपके होतात. ठिपके मोजले की जंतूंचा अंदाज आला!

१८९२ साली हॅम्बुर्ग शहरात पटकीने आठ हजारांवर माणसे गेली. शेजारचे अल्टोना त्याच एल्ब नदीचे, तेही हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाचे पाणी पीत होते. तरी ते बरेचसे बचावले, कारण तिथे पाणी वाळूतून गाळले जाई. गाळलेले पाणी रोज तपासावे, एका मिलिलिटरमध्ये शंभरावर जंतू नसावेत, हा दंडक कॉख यांच्या कामातून आला. १९०५ साली त्यांना नोबेल मिळाले. १९१० साली ते वारले.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात कुठली आली प्रयोगशाळा? त्यावर तोड आपल्याच देशात निघाली. मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी १९८२ साली हायड्रोजन सल्फाइडची स्वस्त चाचणी मांडली. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचे, उबदार जागी ठेवायचे. एक-दोन दिवसांत ते काळे पडले तर पाण्यात मैला मिसळल्याचा संशय धरा. पाणी उकळून प्या आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवा. ओटी टेस्ट फक्त क्लोरीन सांगते, जंतू नाही, हेही ध्यानात असू द्या.

सरपंच, जलसुरक्षक मंडळी, कोपरीचा नळ असो की मुरबाड-शहापूरची विहीर, पाण्याची पारख नजरेने होत नाही. पहिला पाऊस पडला की बाटली भरा. गावात जुलाब सुरू होण्याची वाट पाहू नका.