गोंडीचे शब्द वेचणारे हिस्लॉप

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज सर्वांना ठाऊक आहे. पण ज्यांचे नाव त्याला दिले, ते गृहस्थ कोण, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडमधील डन्स गावी झाला. १८४५ मध्ये ते मिशनरी म्हणून नागपुरास आले. हेतू धर्मप्रसाराचाच होता, हे लपविण्याचे कारण नाही. ते मराठी शिकले, शाळा काढली आणि खेडोपाडी हिंडू लागले. वाटेत दगड दिसला की त्यातले जीवाश्म शोधीत. गोंड माणूस भेटला की त्याचे शब्द विचारून रोमन लिपीत टिपून घेत. गोंडीत पाण्याला येर म्हणतात, हाताला कय. आमच्या सालेकसा-देवरी भागात हे शब्द आजही कानी पडतात. शिकलेली मुले मात्र ते चारचौघांत उच्चारायला लाजतात!

एका परधानाकडून त्यांनी लिंगोचे लांबलचक गीत उतरवून घेतले. गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगो सोडवतो, अशी त्यात कथा आहे. ती गुहा आपल्या कचारगडची, अशी लोकांची श्रद्धा; माघी पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना हिस्लॉप नाल्याच्या पुरात बुडाले. घोडा तेवढा एकटाच छावणीवर पोहोचला. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापून काढली. लिंगोचे गीत त्यांतच आहे.