पडद्यामागचे विष्णुपंत दामले

‘प्रभात’ म्हटले की तुतारी फुंकणारी ती स्त्री डोळ्यांसमोर उभी राहते आणि ओठांवर नाव येते व्ही. शांतारामांचे. ते योग्यच आहे. परंतु कोल्हापूरसारख्या गावातील एका नवख्या कंपनीने मुंबईच्या मातबर कंपन्यांना मागे टाकले, त्यात विष्णुपंत दामले यांचा वाटा किती मोठा होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते.

विष्णुपंतांचा जन्म १८९२ सालचा, पेणचा. चित्रकलेच्या ओढीने ते कोल्हापूरला आले आणि नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंच्या हाताखाली शिकू लागले. तेथेच त्यांना शेख फत्तेलाल भेटले. सारे त्यांना साहेबमामा म्हणत. एक कोकणातला ब्राह्मण, एक मुसलमान. पण पुढे जन्मभर ‘दामले-फत्तेलाल’ हे जणू एकच नाव झाले.

आनंदराव लवकर वारले. बाबूरावांनी घरीच कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. या कारखान्यातच विष्णुपंत घडले. १९२८ साली ‘महारथी कर्ण’ दामले-फत्तेलाल यांनीच दिग्दर्शित केला. अशा गुरूचे घर सोडणे सोपे नसते. तरीही १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर या चौघांनी, भांडवल पुरविणाऱ्या सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह ‘प्रभात’ची स्थापना केली. गुरूची कंपनी त्याच गावात, आणि शिष्यांची स्पर्धा तिच्याशीच!

मूकपट चांगले चालले असतानाच १९३१ साली मुंबईत ‘आलम आरा’ बोलू लागला. आता गप्प राहणारी कंपनी बुडणार हे उघड होते. ध्वनिमुद्रणाचे काम विष्णुपंतांनी अंगावर घेतले. चित्रकार माणूस, पण यंत्राशी त्याची दोस्ती जमली. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी बोलपटाचा जन्म झाला. त्यातील गोविंदराव टेंबे व दुर्गाबाई खोटे यांची वाहवा झाली. ध्वनिमुद्रकाची वाहवा कोण करतो? पण शब्द स्पष्ट ऐकू आले नसते तर तारामतीचे दुःख लोकांपर्यंत पोचलेच नसते.

१९३३ साली ‘प्रभात’ पुण्याला गेली आणि तेथे तिचा भव्य स्टुडिओ उभा राहिला.

मग १९३६ साली दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ आला. रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजविलेले विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले. मला मात्र गौरीबाईंची जिजाई अधिक मोठी वाटते. घरात दाणा नाही, मूल आजारी, आणि नवरा विठ्ठलात दंग. ती चिडते, विठोबावरही धावून जाते. वैकुंठाचे विमान आले तरी ती पोरांपाशीच राहते. संताचे चरित्र सांगताना संसाराची बाजू इतक्या न्यायाने क्वचितच कोणी मांडली असेल. चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातला शांताराम आठवले यांनी लिहिलेला एक अभंग तर लोक अजूनही तुकोबांचाच समजतात!

१९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये भिंत चालते, हे त्या काळी मोठे नवल होते. आपल्या खानदेशातील प्रेक्षकाला मात्र त्यातली मुक्ता जवळची, कारण मुक्ताईची वारी आपल्या घरातलीच.

पण पाच बोटांची मूठ सैल होऊ लागली होती. धायबर आधीच गेले होते, १९४२ साली शांतारामही गेले. विष्णुपंत मागे राहिले. १९४४ चा ‘रामशास्त्री’ हा ‘प्रभात’चा अखेरचा मोठा विजय. पुढच्याच वर्षी, ५ जुलै १९४५ रोजी, विष्णुपंत वारले आणि काही वर्षांतच कंपनीही बंद पडली. १९६० साली त्याच जागेवर शासनाची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. देशभरातून आलेली मुलेमुली आज तेथे ध्वनिमुद्रण शिकतात.